मागचं दार किती वाजता लावायचं? दापोली किनाऱ्यावरच्या तीन मांजरांचं प्रकरण

इथलं घर नमुन्यादाखल घेतलं आहे. ते एका कुटुंबाचं नाही. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत जे दिसतं ते एका अंगणात आणून मांडलं आहे. घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी, पडवीला लागून न्हाणीघर, मग गोठा, मग माड-पोफळीचं आगर. आगराच्या गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचे माड आणि करारानं दिलेली त्यांची हापूसची बाग. घरात सत्तरीच्या आजी, त्यांचा मुलगा, चौथा महिना लागलेली सून आणि दहा वर्षांचा नातू.

मांजरं तीन. मनी ही तीन वर्षांची भाटी, तीनदा व्यालेली, नसबंदीची शस्त्रक्रिया नाही, लसही नाही. बाळ्या तिचाच दोन वर्षांचा बोका, रात्रभर बाहेर आणि सकाळी चुलीपाशी. तिसरा चिकू, सात महिन्यांचा, लांब केसांचा, चपट्या तोंडाचा, मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेला. गणपतीत चाकरमानी पुतण्यानं आणला आणि परत नेला नाही.

प्रश्न उभा राहिला नोव्हेंबरमध्ये. बाळ्या दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी गालावर लिंबाएवढी सूज आली. दुसऱ्या बोक्याच्या सुळ्याची खूण होती. सुळा बारीक भोक पाडतो, वरची कातडी दिवसभरात मिटते आणि जंतू आत कोंडतात; दोन ते चार दिवसांत ताप आणि पू. डॉक्टरांनी पू काढला, जखम धुतली, प्रतिजैविक दिलं आणि विचारलं, हा रात्री कुठे असतो? घरी त्यावरून बोलणं निघालं. आजींचं म्हणणं सरळ होतं: "मांजराला कोण बांधून ठेवतं गो? उंदीर मग तू धरणार काय?" सून म्हणाली, "आई, उंदरांचं वेगळं बघू. पण हा परत असाच आला तर तालुक्याला न्यायला दर वेळी कोण मोकळं असणार?"

दोघींचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच "मांजर आत ठेवावं की बाहेर" असं एका ओळीत विचारून इथे भागत नाही. कोणतं मांजर, कोणत्या वेळी आणि कोणत्या महिन्यात, हे तीन धागे वेगळे करावे लागतात.

उंदीर आणि उंदरासाठीचं विष

आधी उंदीर, कारण मांजर मोकळं ठेवण्याचं या घरातलं मुख्य कारण तेच आहे. मांजर घरातली लहान उंदरं आणि मोठ्या उंदरांची पिल्लं धरतं, यात शंका नाही. किलोभर वजनाच्या घुशीच्या वाटेला मात्र ते जात नाही. माडाच्या शेंड्यात राहून कोवळी शहाळी कुरतडणारा उंदीर एरवी त्याच्या आवाक्यात येतच नाही. तो खाली क्वचित उतरतो. म्हणजे घरातल्या भाताचं थोडंफार राखण होतं, आगराचं होत नाही.

आता गडग्यापलीकडे पाहू. माडावरच्या उंदरासाठी ब्रोमाडिओलोनची (०.००५ टक्के) वडी वापरण्याची शिफारस आहे: पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात १० ग्रॅम, आणि बारा दिवसांनी पुन्हा एकदा. हे विष रक्त गोठू देत नाही आणि ते सावकाश चालतं. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंद होऊन फिरतो. मंद झालेला उंदीर मांजराला आयताच सापडतो. असा एखादा उंदीर खाल्ल्यानं बहुधा काही होत नाही. पण पोट भरण्यासाठी रोज उंदीर खाणाऱ्या मांजराच्या अंगात विष साठत जातं. तीन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, नाकातून किंवा लघवीतून रक्त येतं. यावर उतारा आहे, के-१ जीवनसत्त्व, आणि तो काही आठवडे चालू ठेवावा लागतो. के-३चं इंजेक्शन इथे कामाचं नाही. छोट्या गावात तेच हाताशी असतं, म्हणून औषध घेताना के-१ आहे ना, हे नीट विचारून घ्यावं.

झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या विषाची गोष्ट वेगळी. काळपट राखाडी भुकटी, धान्यात तेलाबरोबर कालवलेली. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो, काही तासांतच ओकाऱ्या आणि झटके येतात, तोंडाला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. याला उतारा नाही. मांजर धान्य खात नाही म्हणून निर्धास्त राहू नये. उंदीर यावा म्हणून आमिषात सुकट चुरून घालण्याची पद्धत आहे, आणि सुकटीला उंदराच्या आधी मांजर येतं.

उंदरासाठी आपण मांजर पाळायचं आणि त्याच उंदरासाठी शेजाऱ्यानं विष ठेवायचं, असा हा तिढा. दोन्ही उपाय एकाच आगरात चालत नाहीत. शेजाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचे नारळ जातात.

या घरानं उंदरांची जबाबदारी मांजरांकडून काढून घेतली. भाताची कणगी गेली आणि झाकणाची पत्र्याची पिंपं आली. माळ्यावर पेटीत बंद केलेले चापाचे सापळे लागले, चाप मांजराच्या पंजावर पडू नये म्हणून. सुट्या माडांना जमिनीपासून दोन मीटरवर ४० सेंटिमीटर रुंद पत्रा खोडाभोवती ठोकला. उंदराचे पाय त्यावरून घसरतात. ज्या माडांच्या झावळ्या एकमेकांना लागतात तिथे पत्र्याचा उपयोग नाही, उंदीर वरूनच उडी मारतो. चिकट पुठ्ठे मात्र घरात आणू नयेत. चिकूसारख्या लांब केसांच्या मांजराला त्यातून सोडवताना खोबरेल चोळत तास जातो, आणि उंदीर त्यावर दिवसभर जिवंत तडफडतो.

फवारणी

दुसरी मोठी गोष्ट हापूसची. पालवी-मोहोरापासून, म्हणजे साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत तुडतुड्यासाठी बागेत फवारे चालतात. त्यात डेल्टामेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही औषधं असतात. ही पायरेथ्रॉइड जातीची औषधं मांजराचं यकृत नीट मोडू शकत नाही. कुत्र्याला जे सोसतं ते मांजराला सोसत नाही. मांजर ओल्या पाल्यातून चालतं, घरी येऊन पंजे चाटतं, आणि तासा-दोन तासांत लाळ, कान फडफडणं, अंग थरथरणं सुरू होतं. पहाटे दव पडलं की वाळलेलं औषधही पुन्हा ओलं होतं.

अशी औषधं गोठ्यातही असतात. गुरांच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रीन किंवा अमिट्राझ फवारतात आणि मांजर त्याच पेंढ्यात झोपतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचीड-औषधात परमेथ्रीन असेल तर ते मांजराला कधीही लावू नये, अर्धं नाही, थेंबभरही नाही.

अंगाला औषध लागलंय असा संशय आला तर भांड्याच्या साध्या साबणानं कोमट पाण्यात पंजे आणि पोट धुवावं, पंच्यात गुंडाळून ठेवावं, चाटू देऊ नये आणि दवाखाना गाठावा. ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजतात. तसं करू नये. मिठानंच मांजर जातं, किंवा पाणी फुप्फुसात जातं.

बाग करारानं दिलेली असल्यानं फवारणी कधी हे मालकालाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते बागेत खोपटी करून राहणाऱ्या राखणदाराला. मुलानं त्याचा फोन नंबर घेतला आणि "आदल्या संध्याकाळी एक मिस कॉल" एवढंच ठरवलं. फवारणीचा दिवस आणि पुढचे दोन दिवस मांजरं आत. हे दोन महिने बरं चाललं. फेब्रुवारीत राखणदार बदलला आणि एक फवारणी कळलीच नाही. त्या दिवशी मनी पडवीत होती हा निव्वळ योग. त्यानंतर घरानं डिसेंबर ते मार्च सरसकट बंद ठरवलं.

बाकीचं बाहेर

बिबट्या येतो, विशेषतः वाडीत कुत्री कमी झाली की. तो रात्रीचा. फुरसं कातळावर आणि गडग्याच्या फटीत असतं, रत्नागिरी जिल्ह्यात मुबलक, तेही रात्रीचं. मांजराचा पंजा फटीत आधी जातो, म्हणून दंश बहुधा पुढच्या पायाला किंवा तोंडाला. दोरी बांधू नये, कापू नये, सरळ दवाखाना. रानडुकरासाठी लावलेली फासकी बेकायदा आहे, तरी आगराच्या कडेला सापडते. मांजर तिच्यात कमरेशी अडकतं. गणपती आणि मे महिन्यात अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग असते, ती उशिरापर्यंत.

समुद्राकडची दोन खास संकटं शहरातल्या पुस्तकांत येत नाहीत. रापणीतून किनाऱ्यावर फेकलेला केंड मासा विषारी असतो, शिजवूनही. आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. मासळीचा वास लागलेला तंगूस मांजर गिळतं, एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात जातं, आणि आतडं त्याभोवती चुणत जातं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही. तो ओढला की आतडं चिरतं.

मांजर स्वतः काय मारतं, हेही याच हिशेबात धरायला हवं. पाली, सापसुरळ्या, पावसाळ्यात बेडूक, चिचुंद्री (मारतं, पण वासामुळे खात नाही), आणि एप्रिल-मेमध्ये घरट्यातून नुकती उतरलेली बुलबुलांची, दयाळाची पिल्लं. पाल खाणं मांजरालाही बाधतं. पालीतून यकृतात जाणारा एक पर्णकृमी दमट उष्ण प्रदेशांत आढळतो, आणि सतत पाली खाणारं मांजर पिवळं पडून खंगलं तर डॉक्टरांना पालींबद्दल आवर्जून सांगावं. रानातली वाघाटी, म्हणजे पाळीव मांजराहूनही लहान असं ठिपक्यांचं रानमांजर, आपल्या मोकळ्या बोक्यांकडून रोग घेऊ शकते. किनाऱ्यावर कासवांची पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिल बाहेर पडतात. वेळास, आंजर्ले इथे अंडी कुंपणात राखली जातात, तिथे मुख्य धास्ती कुत्र्यांची आणि कोल्ह्यांची. पण कुंपणाबाहेर राहिलेल्या घरट्यातून निघालेलं पिल्लू मांजरही सोडत नाही.

शिकार कमी करण्याचा साधा उपाय इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात दिसला: भरपूर मांस असलेला आहार दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्यांची २५ टक्क्यांनी. इथे मांजराला नुसता आमटी-भात देऊन "पोटाला मासा ते बाहेर शोधेल" असं म्हणतात, आणि मांजर शोधतंच.

सुनेचा प्रश्न

पोटुशी बाई घरात आहे म्हणून मांजर सोडून द्या, असा सल्ला शेजारून आला. तो चुकीचा आहे, पण त्यामागचं कारण खरं आहे. टोक्सोप्लाझ्माचा जंतू मांजराला कच्च्या मांसातून किंवा उंदरातून लागतो. पहिल्यांदा लागल्यावर साधारण एक-दोन आठवडे त्याच्या विष्ठेतून जंतूची अंडी पडतात. ती पडल्यापडल्या बाधत नाहीत, पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मग ती मातीत महिनोन्महिने टिकतात.

यावरून घरातली कामं वाटली गेली. मांजराचं विष्ठेचं घमेलं रोज एकदा साफ करायचं, आणि ते मुलानं. सुनेनं परसातली माती चाळायची नाही. अळू-माठ तिनं चिरायचे तर आधी भरपूर पाण्यात धुतलेले. शिकार करणारं मांजर परसात, भाजीच्या वाफ्यात घाण करतं, त्यामुळे धोका मोकळ्या मांजराचाच जास्त. आत राहणारं आणि शिजलेलं खाणारं मांजर या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी. अर्धवट शिजलेलं मटण हे त्याहून मोठं कारण आहे, पण त्याबद्दल शेजारी कोणी बोललं नाही.

नातवासाठी रेबीज. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं; मांजराला लस दिली आहे म्हणून टाळायचं नाही. मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची, आणि ते करायला मांजर घरात सापडावं लागतं.

ठरलं ते

आजींनी बोटांवर महिने मोजले. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि साप कोरड्या जागी येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर भातकापणी, उंदीर आणि विष. डिसेंबर ते मार्च फवारे. उरले एप्रिल आणि मे, त्यात मेमध्ये गाड्या. वर्षभरात मांजर खरोखर निर्धास्त सोडावं असे दिवस फार थोडे निघाले. यानंतर वाद संपला आणि खर्च पडवीवर वळला.

चिकू कधीच मोकळा सोडायचा नाही. त्यानं कुत्रा पाहिलेला नाही, चपट्या नाकानं उन्हात धापा टाकतो, आणि त्याच्या केसांत कुसळं अडकून खाली कातडी सडते. मनी आणि बाळ्या: दिवेलागणीपासून सकाळी आठपर्यंत आत, बारा महिने. दिवसा पडवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजाऱ्याकडे विष नसेल तर, आणि एप्रिल-मेमध्ये, सकाळी आठ ते साडेचार आगरात, तेही मुलगा आगरात काम करत असताना. शेजाऱ्यानं माडात वडी ठेवली की पहिल्या दिवसापासून तीन आठवडे बंद.

नसबंदीची शस्त्रक्रिया तिघांचीही. मनी पाजत नव्हती, त्यामुळे थांबायचं कारण नव्हतं. पिल्लं अंगावर असती तर ती आठ आठवड्यांची होईपर्यंत वाट पाहावी लागली असती. भाटीला पोटाचे टाके, दहा ते बारा दिवस उड्या नाहीत, बाहेर जाणं नाही. हा सक्तीचा काळच आत राहण्याच्या सवयीची सुरुवात म्हणून वापरला. बोक्यांचं सोपं असतं, पण शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे बोका गाभण करू शकतो. मनीची आधी आणि बाळ्याची नंतर असा क्रम त्यामुळेच. भांडणं लगेच थांबत नाहीत, महिना-दोन महिने लागतात.

लस: मोठ्या, कधीच न टोचलेल्या मांजराला तिहेरी लसीचे दोन डोस, तीन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, सोबत रेबीज, पुढे डॉक्टर सांगतील तसं. जंताचं औषध शिकारी मांजराला महिन्याला, आत राहणाऱ्याला तीन महिन्यांनी.

पडवी

पडवी १४ फूट लांब, ६ फूट रुंद. एक बाजू न्हाणीघराच्या भिंतीनं बंद, दुसरी मोकळी. पुढे आणि मोकळ्या बाजूला दोन फुटी चिऱ्याचा कट्टा. छपराची बाहेरची उंची ७ फूट, भिंतीकडे ९.

जाळी निवडताना पहिली चूक होते ती स्वस्त जस्ताच्या जाळीची. खाऱ्या वाऱ्यात ती दोन-तीन पावसाळ्यांत गंजून टोचायला लागते. नायलॉनचं जाळं उन्हानं ठिसूळ होतं आणि उंदीर ते कुरतडतो. स्टेनलेस स्टीलची ३१६ प्रतीची जाळी किनाऱ्यासाठी योग्य. ३०४ प्रतीवर तांबूस डाग पडतात पण ती टिकते, आणि समुद्रापासून अर्धा किलोमीटर असेल तर चालून जाते. भोक अर्ध्या इंचाचं. एक इंचात मांजर अडतं, पण फुरसं अडेलच असं नाही. तार एक मिलिमीटरची.

चार फूट रुंदीच्या गुंडाळीतून पुढच्या १४ फुटांसाठी पाच-पाच फुटांच्या चार पट्ट्या, म्हणजे २० फूट. बाजूच्या सहा फुटांसाठी सात-सात फुटांच्या दोन पट्ट्या, १४ फूट. झाले ३४. गुंडाळी ४० फुटांची घेतली, कारण उरलेली सहा फूट भिंत आणि कौलं यांच्यामधल्या फटींना लागली. कौलारू घरात मांजर दारानं जात नाही, वाशांच्या मधून जातं. प्रत्येक दोन वाशांमधली मोकळी जागा मोजून जाळीचा तुकडा दुमडून बसवावा लागतो. हे काम कंटाळवाणं, आणि तेच राहून जातं.

चौकटीला किंजळीच्या रिपा, चार-चार फुटांवर उभ्या, म्हणजे पट्ट्यांचे जोड लाकडावर येतात. लाकडाला वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल लावण्याची जुनी रीत आहे. मांजराच्या जागेत ते नको; त्यानं कातडी भाजते आणि मांजर ते चाटतं. जाळीला स्टेपल मारू नयेत, पहिल्या पावसाळ्यात ते गंजून सुटतात. एक इंची स्टेनलेस स्क्रू, वॉशर घालून, दर सहा इंचांवर. अशा पडवीला दीड-पावणेदोनशे लागतात.

बाहेरचं दार बाजूच्या जाळीत, अडीच फुटी, आपोआप मिटणारं, खटका वरच्या अंगाला. आतलं स्वयंपाकघराचं दार आणि हे दार एका वेळी उघडायचं नाही, एवढा नियम. तो गणपतीत पाळला जात नाही. म्हणून त्या दिवसांत मांजरांना पाणी-घमेल्यासह माडीवरच्या खोलीत ठेवून कुलूप लावावं. माटवीला (गणपतीवर टांगायच्या चौकटीला) किंवा गौरीत कळलावीची फुलं असतील तर तेही एक कारण. कळलावीची वेल सगळीच विषारी.

आत बसायला फळ्या १० ते १२ इंच रुंद, ३, साडेचार आणि ६ फुटांवर. नखं घासायला माडाच्या बुंध्याचा तीन फुटी तुकडा, सुंभ घट्ट गुंडाळलेला, हलणार नाही असा पक्का. हलला तर मांजर परत हात लावत नाही. नैऋत्येच्या झडीसाठी जूनमध्ये बाहेरून झाप बांधावेत, जमिनीपासून सहा इंच सोडून. टेकलेल्या झापाखाली विंचू येतो.

काय बिघडलं

पहिल्या आठवड्यात बाळ्या पहाटे चारला दाराशी ओरडायचा. तीन रात्री कोणी उठलं नाही, चौथ्या रात्री आजींनी दार उघडलं. पुढचे दहा दिवस तो पहिल्यापेक्षा जास्त ओरडला, कारण ओरडलं की कधीतरी दार उघडतं हे त्याला कळलं होतं. उपाय दाराशी नव्हता, जेवणात होता: मोठं जेवण रात्री नऊला, त्याआधी काडीला बांधलेल्या पिसामागे पळवून दमवायचं.

मनीनं घोंगडीवर मुतायला सुरुवात केली. तीन मांजरांना दोनच घमेली होती, आणि ती फिनाईलनं धुतली जात होती. फिनाईलचा वास मांजराला नकोसा, आणि त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं त्याच्या अंगाला घातकही. घमेली चार केली (मांजरं अधिक एक), पाच-सहा इंच काठाची, तळाला तीन इंच लाकडाचा भुसा, गरम पाणी आणि साधा साबण. भुसा वखारीतला चालतो, वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा नको. तूस हलकं असल्यानं घरभर उडतं. किनाऱ्यावरची वाळू दमट आणि खारट, आणूच नये. घाण टाकायला दीड फूट खोल खड्डा, विहिरीपासून किमान ५० फूट लांब, आणि त्यावरची माती भाजीला घालायची नाही.

बाळ्या तीन महिन्यांत ४.२ किलोवरून ५ किलोवर गेला. शस्त्रक्रियेनंतर मांजराला पूर्वीपेक्षा २० ते ३० टक्के कमी खाणं पुरतं, आणि त्याचं फिरणंही थांबलं होतं. वाढ भातानं झाली. भात निम्मा केला, काटे काढलेला उकडलेला मासा आणि कोंबडीचं मांस वाढवलं. सुकट बंद, त्यात मीठ फार. पाण्याची भांडी दोन जागी, घमेल्यांपासून दूर. आत राहणाऱ्या खच्ची बोक्याला लघवी तुंबण्याचा धोका जास्त. तो घमेल्यात वारंवार बसतो, कण्हतो आणि काही पडत नाही असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल देऊ नये. लगेच दवाखाना, नाहीतर मूत्रपिंड जातं.

आणि घरातली औषधं. बाळ्या कण्हताना पाहून नातवानं तापाची गोळी चुरून द्यायची तयारी केली होती. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं.

अजून सुटलेलं नाही

मनी पडवीत रुळली. बाळ्या अजून संध्याकाळी चारला गडग्याकडे तोंड करून बसतो. एप्रिलमध्ये त्याला बाहेर सोडलं तेव्हा पहिले सहा दिवस डब्याच्या आवाजाला परत आला, सातव्या दिवशी अंधार पडल्यावर. आता त्याला मनीच्या आधी, दुपारी तीनला, भुकेला असताना बोलावतात. गळ्यात ओढ बसली की सुटणारा पट्टा आहे. साधा पट्टा फांदीत अडकला तर फास होतो.

मागच्या दाराच्या आतल्या बाजूला सुनेनं एक कागद चिकटवला आहे. त्यावर तिन्ही मांजरांची वजनं, लशींच्या तारखा, राखणदाराचा आणि दवाखान्याचा नंबर, आणि फोनवर सांगायच्या गोष्टी: किती वाजता पाहिलं, हिरड्यांचा रंग कोणता, लाळ-झटके-रक्त यांपैकी काय, शेजारी काय फवारलं किंवा ठेवलं, पाकीट मिळालं तर त्यावरचं औषधाचं नाव. राखणदाराचा नंबर तिनं पेन्सिलीनं लिहिला आहे.